स्कॅन नॉर्मल आहे, पण हे पूर्वीचे राहिले नाहीत

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत डोक्याला मार लागल्यानंतरच्या प्रश्नांचा ढीगच साचला, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून गावं आणि काही तपशील बदलले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते: मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. मेंदूला इजा झाल्यावर माणसाचं लक्ष, स्मरण, बोलणं, हिशेब, निर्णय आणि स्वभाव यांतलं काय टिकलं आणि काय गेलं, हे तपासणं माझं काम. मी शस्त्रक्रिया करत नाही आणि औषधही लिहून देत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत. निफाडकडे आमचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. मागच्या दिवाळीआधी मोटारसायकलवरून घरी येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळले. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. अकरा दिवस आयसीयूत होते. पहिल्या स्कॅनमध्ये डोक्यात पुढच्या बाजूला थोडं रक्त दिसलं होतं, नंतर दोनदा स्कॅन केला तर दोन्ही वेळा 'नॉर्मल' आलं. आता आठ महिने झाले. हातपाय चांगले आहेत, चालतात, बोलतात. पण हे पूर्वीचे राहिले नाहीत. गिऱ्हाइकाला उधारीवर माल देतात आणि वहीत मांडत नाहीत. एकच ऑर्डर तीनदा दिली. मुलीच्या अंगावर धावून जातात आणि दहा मिनिटांनी काही घडलंच नाही असं वागतात. स्वयंपाकाला नावं ठेवतात, सगळं बेचव लागतं म्हणतात. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, दीर म्हणतात कामचुकारपणा आहे, आणि हे म्हणतात मला काहीच झालेलं नाही. डॉक्टरांनी 'न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट' लिहून दिलंय. ते वेड्यांसाठी असतं का? त्यात नक्की काय करतात?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं 'बेचव' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तपासणी मी तिथूनच सुरू केली असती. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. वासाचे बारीक तंतू नाकाच्या वर, चाळणीसारखी भोकं असलेल्या पातळ हाडातून मेंदूकडे जातात. डोकं जोरात आदळलं की मेंदू कवटीच्या आत पुढे-मागे सरकतो आणि हे तंतू तिथेच तुटू शकतात. त्याच हाडाच्या वर मेंदूचा पुढचा भाग टेकलेला असतो, आणि ओढ लागून खरचटतो तोही तिथेच. राग आवरणं, कामांचा क्रम लावणं, आपलं काय चुकतंय यावर नजर ठेवणं ही सगळी त्या भागाची कामं. तुमच्या मिस्टरांना न बघता मी निदान सांगणार नाही. पण बेचव जेवण, न मांडलेली उधारी आणि मुलीवरचा राग या तीन वेगवेगळ्या तक्रारी नसून एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, अशी शक्यता मला दिसते. डोळे मिटायला सांगून त्यांना हिंगाची डबी आणि कॉफीची बरणी हुंगायला द्या, आणि काय म्हणतात ते लिहून ठेवा. वास येत नसेल तर गॅसचा वासही येणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम तुमच्याकडे घ्या आणि जमल्यास गॅस गळतीचा अलार्म बसवा. हे आजच करा, तपासणीसाठी थांबू नका.

आता स्कॅनचं. तुमच्याच दुकानातलं उदाहरण देते. बांधावर उभं राहून पाहिलं तर मेन लाइन, सबमेन, लॅटरल या सगळ्या नळ्या जागच्या जागी दिसतात. तरी ड्रिपर चोंदले असतील तर झाडाच्या मुळाशी पाणी पोहोचत नाही. सीटी स्कॅनमध्ये फुटलेलं हाड दिसतं, साकळलेलं रक्त दिसतं, सूज दिसते. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणारे बारीक तंतू ताणले गेले, पिरगळले गेले, तर ते बहुतेक वेळा सीटीत दिसत नाहीत. 'नॉर्मल' याचा अर्थ एवढाच, की आता ऑपरेशन करण्यासारखं आत काही नाही. तुमचा माणूस दुकान चालवू शकेल की नाही, हे त्या फिल्मवर लिहिलेलं नसतं.

तुमच्याकडे डिस्चार्ज कार्ड असेल. त्यावर 'ई२ व्ही२ एम५' असं काहीतरी सापडेल. ही माणूस कितपत शुद्धीवर आहे हे मोजणारी ग्लासगो कोमा स्केल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉक्टर टीसडेल आणि जेनेट यांनी ती १९७४ साली मांडली आणि आज तालुक्याच्या दवाखान्यातही वापरतात. डोळे उघडण्याला (ई) जास्तीत जास्त ४, बोलण्याला (व्ही) ५, हालचालीला (एम) ६. एकूण १५ म्हणजे पूर्ण शुद्धीवर, आणि कमीत कमी ३. बेरीज १३ ते १५ आली तर इजा सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा खाली गंभीर धरतात. पण हा आकडा त्या वेळेपुरता असतो. मी घरच्यांना दुसरा एक प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर मला जास्त उपयोगी पडतं: अपघातानंतरची त्यांची सलग आठवण कुठून सुरू होते? डोळे उघडले, नाव सांगितलं, पाणी मागितलं, म्हणजे आठवण सुरू झाली असं नाही. सकाळी कोण भेटून गेलं हे संध्याकाळी सांगता येतं, आज काय जेवलो हे उद्या सांगता येतं, ती सलग आठवण. मधला कोरा काळ सात दिवसांच्या पुढे गेला असेल, तर कार्डावरचा आकडा मध्यम असला तरी इजा गंभीर समजायची असते. तुमच्या मिस्टरांना आयसीयूतलं काही आठवतं का? वॉर्डातलं? घरी आल्याचा दिवस आठवतो का? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घेऊन जा.

तपासणी वेड्यांसाठी नसते. ती साधारण चार-पाच तास चालते. माणूस थकतो, म्हणून मी दोन दिवसांत विभागून घेते. सुया नाहीत, वायरी नाहीत. टेबल, कागद, पेन्सिल, स्टॉपवॉच आणि समोरासमोर दोन खुर्च्या. बंगळूरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेने २००४ साली एक चाचणीसंच प्रसिद्ध केला. त्यात वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष असे गट पाडून आपल्याच देशातल्या माणसांचे आकडे दिलेले आहेत. त्यामुळे निफाडच्या दुकानदाराची तुलना परदेशातल्या माणसाशी होत नाही.

एक चाचणी सांगते, म्हणजे कल्पना येईल. मी १५ साधे शब्द वाचून दाखवते. आठवतील तेवढे सांगायचे. तीच यादी पुन्हा वाचते, अशी पाच वेळा. मग मध्येच वेगळी यादी देते आणि विचारते, आता पहिली सांगा. मग दुसरंच काम देऊन वीस-तीस मिनिटांनी पुन्हा विचारते. शेवटी ते शब्द इतर शब्दांत मिसळून देते आणि यातला यादीतला कुठला, ते ओळखायला सांगते. नुसते मार्क पाहून मला काही कळत नाही. एखाद्याला आपणहून पाचच आठवतात, पण ओळखायला दिले तर तो चौदा ओळखतो. म्हणजे धान्य कोठीत आहे, काढणारा हात पोहोचत नाही. दुसऱ्याला पाच आठवतात आणि ओळखताही पाच-सहाच येतात. तिथे धान्य कोठीत पडलेलंच नसतं. दोघांचे मार्क सारखे, पण घरी करायचा उपाय वेगळा. पहिल्याला नुसती खूण पुरते: "सकाळी कोण आलं होतं, पिवळी टोपीवाला?" एवढं म्हटलं की त्याला सगळं आठवतं. दुसऱ्याला कितीही आठवण करून दिली तरी उपयोग नसतो, त्याला सगळं जागच्या जागी लिहायची सवय लावावी लागते. दुसऱ्या महायुद्धात उरल पर्वताजवळच्या इस्पितळात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांवर काम करणाऱ्या अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाचा भर यावरच होता: माणूस किती चुकला यापेक्षा कसा चुकला ते पाहा.

असं 'कसं' मी एका सुतारांकडून शिकले. शिडीवरून पडले होते. मी त्यांना एक किचकट आकृती बघून काढायला दिली. ज्यांनी आयुष्यभर आधी चौकट आणि मग फळ्या असंच काम केलं, त्यांनी कोपऱ्यातल्या एका बारीक रेघेपासून सुरुवात केली आणि एकेक तुकडा जोडत गेले. बाहेरची चौकट त्यांना शेवटपर्यंत दिसली नाही. कागद संपला, आकृती अर्धी राहिली. त्यांची बायको मागे बसली होती. ती हळूच म्हणाली, "घरी पण असंच करतात." मी तिचं वाक्य रिपोर्टमध्ये जसंच्या तसं घातलं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण तुमच्या बाबतीत ती घडू शकते. शांत खोली, बंद दार, समोर एकच माणूस आणि एका वेळी एकच काम, अशा ठिकाणी मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागलेली काही माणसं चांगले मार्क मिळवतात. दुकानात मात्र फोन वाजतो, दोन गिऱ्हाइकं एकदम बोलतात, मागून हमाल विचारतो माल कुठे उतरवू, आणि तिथे सगळं कोसळतं. लंडनमध्ये शॅलिस आणि बर्जेस यांनी १९९१ साली अशाच तीन रुग्णांना प्रयोगशाळेबाहेर काढून बाजारात पाठवलं, काही वस्तू, काही कामं आणि काही नियम देऊन. खोलीत न दिसलेली अडचण रस्त्यावर दिसली. मीही माझ्या परीने ते करते. त्या सुतारांना शंभराची नोट आणि चिठ्ठी देऊन जवळच्या मंडईत पाठवलं: मेथीची एक जुडी, पाव किलो मिरची, कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्सचा दर विचारायचा, आणि सव्वाअकराला परत यायचं. मी दहा पावलं मागे होते. पहिल्याच गाळ्यावर भाव पाडण्यात त्यांचे पंधरा मिनिट गेले. स्वस्त मिळाली म्हणून मेथीच्या चार जुड्या घेतल्या. चिठ्ठी खिशात होती, ती त्यांनी पुन्हा काढलीच नाही. तुम्ही तपासणीला जाल तेव्हा विचारा, यांना प्रत्यक्ष कामात बघाल का? वेळ नाही म्हणाले, तर तुम्हीच दुकानातला एक तास लिहून न्या: किती वाजता कोण आलं, काय झालं, काय राहिलं. मत लिहू नका, घडलेलं लिहा. 'फार विसरतात' यापेक्षा 'मंगळवारी १६ एमएम नळीचे दोन बंडल दिले, वहीत नाही' हे मला दहापट उपयोगाचं.

उधारीची वही तर नक्कीच न्या. अपघाताआधीची पानं आणि नंतरची पानं. माणूस मुळात कसा होता हे ठाऊक नसेल तर काय गेलं हे कसं ठरवणार? इंग्लंडमध्ये यासाठी उच्चार आणि स्पेलिंग जुळत नाही असे शब्द वाचायला देतात. ते पूर्वी पाठ असल्याशिवाय बरोबर वाचता येत नाहीत, त्यावरून पूर्वीच्या क्षमतेचा अंदाज येतो. मराठीत आपण लिहिलेलं तसंच वाचतो, म्हणून ती युक्ती इथे चालत नाही. मग आम्ही दहावीची गुणपत्रिका बघतो, जुनं हस्ताक्षर बघतो, पूर्वी कुठली जबाबदारी होती ते विचारतो. दुकानदाराची वही यात सोन्यासारखी.

"मला काहीच झालेलं नाही" असं ते म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत. स्वतःच्या चुका टिपणारा भागच दुखावला असेल, तर चुका त्यांना दिसणार कशा? वाद घालून पटणार नाही. तुम्हाला घरात रोज एकटीने हे सोसावं लागतंय, हे मला तुमच्या अक्षरावरूनही कळतं. कामचुकारपणा म्हणणाऱ्या दिरांना सांगा, की माणूस मन लावून प्रयत्न करतोय की मुद्दाम चुकतोय, हे तपासायच्याही पद्धती आमच्याकडे असतात आणि रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख येतो. सासूबाईंशी भांडू नका. त्यांनाही मुलगा बदललेला दिसतोय, आणि त्यांचं दिसणं खरं आहे. त्यांना तपासणीला सोबत घेऊन जा. लहानपणापासूनचा स्वभाव त्यांच्याइतका कोण सांगणार?

गोळ्यांची चिठ्ठी न्या. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी चिडचिड वाढते. स्वतःहून गोळी बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मुलीवर धावून गेल्याचं सांगा. अपघाताचा दावा न्यायाधिकरणात चालू असेल तर वकिलांना या तपासणीबद्दल आधीच कळवा. नॉर्मल स्कॅन दाखवून डोक्याची इजा नाकारली जाते तेव्हा हाच रिपोर्ट हातात असावा लागतो. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे ना, हे विचारायला संकोचू नका. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, पण आठव्या महिन्यात ती थांबली असं समजू नका. वेग मंदावतो. वर्षाने पुन्हा तपासणी करून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवायचे. तोपर्यंत उधारी देण्याचा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, एवढा एक नियम दुकानात करा आणि तो दुकानाचा नियम म्हणून सांगा, त्यांच्यावरचा म्हणून नको.

प्रश्न : मुलाची अशीच तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. यूट्यूबवर स्मरणशक्तीच्या चाचण्या दिसतात. त्याच्याकडून सराव करून घेऊ का? निदान मार्क तरी चांगले पडतील.

उत्तर : नको. मार्क चांगले पडले आणि त्याची अडचण झाकली गेली, तर कॉलेजात त्याला जादा वेळ द्या असं मी कशाच्या आधारावर लिहू? याच कारणासाठी मी या सदरात चाचण्यांतले खरे शब्द किंवा आकृत्या कधी छापत नाही. आदल्या रात्री त्याला पुरेसं झोपू द्या, सकाळी नीट खायला घाला, चष्मा असेल तर विसरू नका. एवढीच तयारी.

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे. चिपळूणला असते. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरली, डोकं दगडाला लागलं. टेंगूळ आलं, बाकी काही नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. गेल्या चार दिवसांपासून दिवसभर झोपते, बोलताना गोंधळते, डावा पाय ओढत चालते. शेजारी म्हणतात वय झालं. तिची स्मृतिभ्रंशाची चाचणी तुमच्याकडे होईल का?

उत्तर : हे पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन केला. माझ्याकडे येऊ नका, आत्ता जिथे सीटी स्कॅन आहे तिथे न्या, असं सांगितलं. रात्री स्कॅन झाला. कवटीच्या आत, मेंदूच्या वरच्या बाजूला रक्त साकळलेलं निघालं. ते कवटीला छोटं भोक पाडून काढलं. आजी आता घरी आहेत.

पत्र छापतेय ते इतरांसाठी. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो. मग मेंदू आणि कवटीचं आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात, आणि साध्या पडण्यानेही त्या फुटतात. रक्त थेंबाथेंबाने झिरपतं. त्रास दिसायला काही आठवडेही लागतात, तोवर पडल्याचं घरात सगळे विसरलेले असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी. पडल्यानंतर वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, गुंगी, गोंधळ, एक हात किंवा पाय कमजोर पडणं, फिट, यातलं काहीही झालं तर आधी इस्पितळ. आमच्या चाचण्या त्यानंतरच्या.

प्रश्न : आमचं गाव केजजवळ. आई ५८ वर्षांची, शाळेत कधी गेली नाही. ऊसतोडीला गेली असताना ट्रॅक्टरवरून पडली, डोक्याला टाके पडले. एका ठिकाणी तिची स्मरणाची परीक्षा घेतली. तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले, वाक्य लिहायला सांगितलं. तिला काही जमलं नाही. 'तीव्र स्मृतिदोष' असं लिहून दिलंय. आई तेव्हापासून रडते. तिला वेडी ठरवतील का?

उत्तर : दादा, त्या कागदाला धरून आईबद्दल काही ठरवू नका. ज्या हाताने कधी पेन धरलं नाही त्याला वाक्य लिहायला सांगून जो आकडा येतो, तो शाळेचा असतो, मेंदूचा नसतो. हा प्रश्न जुना आहे. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत वृद्धांचा अभ्यास करताना संशोधकांना हीच अडचण आली, आणि १९९५ साली त्यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी बदललेली हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. मूळ चाचणीत 'डोळे मिटा' असं लिहिलेला कागद वाचून तसं करायचं असतं. इथे तपासणारा सांगतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसंच करा, आणि स्वतः डोळे मिटतो. निम्हान्सच्या संचातही न शिकलेल्यांचे आकडे वेगळे दिलेले आहेत. दोन रंगांच्या गोलांमधले आकडे आलटून पालटून जोडायची त्यातली एक चाचणी आहे, तिला अक्षरं लागत नाहीत, पण आकडे ओळखता यावे लागतात. तेही येत नसतील तर तीसुद्धा बाजूला ठेवायची.

मग काय विचारायचं? तारखेऐवजी: आज बाजार कुठला? अमावस्या होऊन किती दिवस झाले? यंदा तोडीला कुठल्या कारखान्यावर होता? मुकादमाकडून किती उचल घेतली, किती फिटली? वजाबाकीऐवजी खरी नाणी-नोटा देऊन सुटे करायला सांगायचे. आणि खोलीबाहेर पडून तिला रोजचं काम करताना बघायचं.

मी अशाच एका मावशींना आमच्या केंद्राच्या स्वयंपाकघरात भाकरी करायला सांगितली. पीठ काढलं, पाणी घातलं, मळलं, थापली, हात अजिबात चुकला नाही. हाताची आठवण वेगळ्या ठिकाणी जपलेली असते, ती बऱ्याचदा शाबूत राहते. भाकरी तव्यावर टाकली. आता वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी सुकत आलं की उलटायची. त्या थांबल्या. पाण्याच्या वाटीकडे बघितलं आणि दुसरा उंडा मळायला घेतला. तव्यावरची करपायला लागली तरी वळून बघितलं नाही. हे तीनदा झालं, तीनही वेळा त्याच जागी. म्हणजे एक काम चालू ठेवून दुसऱ्याचं भान राखणं, नेमकं तिथे अडत होतं. स्मरण त्यांचं चांगलं होतं. जात्यावरच्या ओव्या मध्ये एकही न गाळता म्हणून दाखवल्या. घरी आम्ही एवढाच बदल सांगितला: एक भाकरी उतरल्याशिवाय पुढचं पीठ मळायचं नाही, आणि पहिले काही महिने चुलीशी कुणीतरी सोबत बसायचं.

आईला माझा निरोप द्या: पेपर चुकीचा होता. पुन्हा तपासणी करून घ्या, मराठीत, तिच्या बोलीत बोलणाऱ्या माणसाकडून. कागदावर तिचं शिक्षण 'शाळेत गेली नाही' असं स्पष्ट लिहायला लावा आणि कुठल्या गटाच्या आकड्यांशी तुलना केली हेही लिहायला सांगा. ते न लिहिलेला रिपोर्ट मी तरी मानत नाही.

प्रश्न : सासऱ्यांना चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठीक आहे म्हटलंय. पण ताटातलं अर्धंच जेवतात. भाजी, आमटी संपवतात. चटणी, कोशिंबीर, लोणचं तसंच ठेवतात आणि वर म्हणतात, तू मला चटणी वाढलीच नाहीस. डावी बाही न घालताच बाहेर जायला निघतात. मला वाईट वाटतं, घरात वादही होतात.

उत्तर : ताई, तुम्ही वाढता ते ताट म्हणजे उत्तम चाचणीच आहे. आपल्याकडे डावी बाजू, उजवी बाजू ठरलेली असते: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काही जणांचं डावीकडच्या जगावरचं लक्षच सुटतं. डोळा बघतो, पण मेंदू ती बाजू हिशेबात धरत नाही. चटणी त्यांना दिसत असूनही ते नाकारतात असं नाही. त्यांच्यापुरती ती तिथे नसतेच, म्हणून ते तुम्हाला विचारतात. तुमची वाढण्यात काहीही चूक नाही आणि त्यांचाही तुमच्यावर राग नाही.

तपासताना आम्ही कागदावर आडवी रेघ काढून मधोमध खूण करायला सांगतो. अशा माणसाची खूण बरीच उजवीकडे सरकते. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने बसतात. हे तुम्ही घरी एकदा करून त्यांच्या डॉक्टरांना दाखवू शकता, तारीख घालून. महिन्याने पुन्हा करा. खूण मध्याकडे सरकत असेल तर तुम्हालाच दिसेल. पुष्कळांची ही अडचण पहिल्या काही महिन्यांत कमी होते. रस्ता ओलांडताना मात्र तोवर त्यांच्या डाव्या हाताला कुणीतरी हवंच, आणि गाडी चालवणं पूर्ण बंद.

जेवताना ताटाच्या डाव्या कडेला जाड लाल दोरा चिकटवा. पहिला घास घ्यायच्या आधी, "बाबा, लाल दोरा कुठंय?" एवढंच विचारा. ते मान वळवून शोधतील, बोट लावतील, मग तिथून उजवीकडे येत जेवतील. वर्तमानपत्राच्या डाव्या समासालाही तशीच लाल रेघ ओढा. दया येऊन चटणी उजवीकडे वाढू नका, ताटही फिरवून देऊ नका. ती डावीकडेच राहू दे, दोऱ्याला लागून, आणि पहिले काही दिवस थोडी जास्तच वाढा.